मळ्यावरच्या गोठ्यासाठी कुत्रा कोणता निवडावा?

प्रश्न : नाशिक शहरातील घर सोडून आम्ही दिंडोरी तालुक्यात नव्याने घेतलेल्या मळ्यावर कायमचे राहायला आलो आहोत. दोन गाई, दहा-बारा संगमनेरी शेळ्या, त्यांची करडे आणि थोड्या गावठी कोंबड्या आहेत. घरात दोन शाळकरी मुले आहेत. शेजारच्या उसात बिबट्या दिसल्याचे लोक सांगतात. राखणीसाठी कुत्रा पाळायचा आहे. मेहुणे जर्मन शेफर्ड घ्या म्हणतात, तर शेजारचे काका कारवान सुचवतात. आम्ही काय करावे? कुत्रा बांधून ठेवावा की मोकळा? एकदम दोन पिल्ले आणली तर चालतील का?
— एक वाचक, दिंडोरी तालुका

उत्तर : आपल्या पत्रात बिबट्याचा उल्लेख एका वाक्यापुरताच आला आहे, परंतु कुत्र्याच्या निवडीचा विचार तेथूनच सुरू करावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. इगतपुरी आणि सिन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या खाद्यात वजनाच्या हिशेबाने कुत्र्यांचा वाटा सुमारे ३९ टक्के आणि शेळ्यांचा अवघा ११ टक्के निघाला. त्या भागात शेळ्या कुत्र्यांपेक्षा कितीतरी अधिक असूनही असे झाले, कारण शेळ्या रात्री वाड्यात कोंडल्या जातात आणि कुत्रे बाहेर असतात. म्हणजे उसातल्या बिबट्याच्या दृष्टीने आपला कुत्रा हेच सोपे भक्ष्य आहे. कोणत्याही जातीचा एकटा कुत्रा बिबट्याला अडवू शकत नाही, आणि तशी अपेक्षा ठेवून त्याला रात्री अंगणात साखळीला बांधणे म्हणजे त्याला पळण्याचीही संधी न देणे होय. शेळ्यांचे रक्षण भक्कम भिंत, वरून बंद केलेले छत, घट्ट बसणारे दार आणि मजबूत जाळी यांनीच होते. कुत्र्याचे काम चाहूल लागताच भुंकून आपल्याला जागे करण्याचे आहे, आणि ते तो बंद पडवीत किंवा गोठ्यालगतच्या जाळीच्या खोलीत राहूनही उत्तम करतो. म्हणून पिल्लू आणण्याआधी ही खोली बांधून घ्यावी.

काम एवढे स्पष्ट झाले की जातीचा प्रश्न पुष्कळ सोपा होतो. कारवान, म्हणजेच मुधोळ हाउंड, हा आपल्या हवामानात टिकणारा, काटक आणि देखणा कुत्रा आहे, यात शंका नाही. परंतु तो नजरेने सावज हेरून त्याचा पाठलाग करणारा शिकारी कुत्रा आहे. समोरून पळणारी वस्तू दिसली की मागे धावणे हे त्याच्या रक्तातच असते, आणि आपल्या घरी पळणाऱ्या वस्तू म्हणजे करडे आणि कोंबड्या आहेत. अनुभवी माणसाच्या हाताखाली तो वळण घेऊ शकेल. पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्या कुटुंबाने त्याच्यापासून सुरुवात करू नये, असे मला वाटते. जर्मन शेफर्ड हुशार आणि शिकवावे ते लवकर शिकणारा असतो. पण त्याच्या दाट दुहेरी केसांना आपला एप्रिल-मे त्रासाचा जातो, खुब्याच्या सांध्याचे दुखणे या जातीत आनुवंशिक असते, आणि रोज पुरेसा वेळ व काम मिळाले नाही तर तो स्वतःच काम शोधतो व शेळ्यांना उगाच घेरत बसतो. हस्की आणि सेंट बर्नार्ड यांचा विचार तर मळ्यासाठी करूच नये.

माझी शिफारस गावठी पिल्लाची आहे. ते कोठले घ्यावे, याला मात्र मी जातीपेक्षा अधिक महत्त्व देतो. ज्या वस्तीवर शेळ्या-मेंढ्या आहेत आणि पिल्लांची आई त्यांच्यात शांतपणे वावरते, तेथलेच पिल्लू घ्यावे; एखाद्या धनगर कुटुंबाच्या कळपाबरोबर राहणाऱ्या कुत्रीचे मिळाले तर फारच उत्तम. शक्य असेल तर दोनदा जाऊन, एकदा दिवसा आणि एकदा अंधार पडल्यावर, आईला पाहावे. अनोळखी माणूस दिसताच ती भुंकते का, मालकाने शब्द टाकताच थांबते का, कोंबडी समोरून गेली तर दुर्लक्ष करते का, हे पाहिले की पिल्लाविषयी निम्मे कळते. पिल्लांपैकी कोपऱ्यात दबून बसणारे घेऊ नये आणि भावंडांना सतत चावणारेही घेऊ नये. पिल्लू सात-आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईपाशीच राहू द्यावे. त्यानंतर मात्र उशीर नको, कारण तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तिसऱ्या महिन्यापर्यंत पिल्लू ज्यांच्या सहवासात वाढते त्यांना ते आपले मानते. या दिवसांत त्याचे झोपणे गोठ्याशेजारी, शेळ्यांचा वास येईल आणि त्या दिसतील अशा जागी असावे. रोज थोडा वेळ गळ्यात दोरी ठेवून त्याला शेळ्यांमध्ये न्यावे. माणसाळलेली मोठी शेळी एखादी धडक देईल, तर ती देऊ द्यावी. पिल्लू त्यातून शहाणे होते. करडांचा पाठलाग मात्र पहिल्याच वेळी थांबवावा, मुलांना ते खेळकर वाटले तरी. वयाचे दीड-दोन वर्ष पूर्ण होईपर्यंत कुत्र्याला करडे व कोंबड्यांजवळ एकटे सोडू नये.

एकदम दोन पिल्ले आणू नयेत. एकाच वेतातली दोन भावंडे बहुधा माणसापेक्षा एकमेकांत रमतात, आणि एकट्याने जो कुत्रा कोंबडीकडे पाहणार नाही तोच जोडीने तिच्यामागे धावतो. पहिला कुत्रा वळणावर आला की दुसरा आणावा. दिवसा घराभोवती कुंपण असेल तेवढ्यात कुत्रा मोकळा असावा. नर-मादी काहीही चालेल. योग्य वयात नसबंदी केली की भटकणे बरेच कमी होते.

आपल्या भागासाठी खाण्याबद्दल वेगळे सांगणे आवश्यक आहे. द्राक्षे आणि बेदाणे खाल्ल्याने कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ल्यावर धोका होईल हे कुत्र्यागणिक बदलते; म्हणून द्राक्षबागेत गळलेल्या मण्यांपाशी त्याला फिरकू देऊ नये. कांदा आणि लसूण, कच्चे असोत वा शिजवलेले, कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट करतात. त्यामुळे उरलेला कांदा-लसणाचा रस्सा भाकरीवर ओतण्याची सवय ठेवू नये. भाकरी, अंडे, शिजवलेले मांस यांवर तो चांगला वाढतो. बकरा कापल्यावर कच्ची काळीज-फुप्फुसे मात्र कधीही घालू नयेत, कारण त्यातील गाठींमधून कुत्र्याला फीतकृमी होतो आणि त्याची अंडी मुलांच्या पोटात जाऊन यकृतात गाठी होऊ शकतात. जंताचे औषध पशुवैद्यकांना विचारून ठरावीक काळाने द्यावे. गाईंच्या गोचिडांसाठी आणलेले औषध अंदाजाने कुत्र्याला लावू नये. फवारणीचे डबे आणि उंदरांचे विष कुलपात असावे.

पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाल्यापासून पार्व्हो व डिस्टेंपर या संसर्गजन्य रोगांच्या लशींचे डोस सुरू करावेत. तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस द्यावी, आणि त्यापुढे ती पशुवैद्यक सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी चुकवू नये. एखाद्या भटक्या कुत्र्याने मुलांना चावा घेतला किंवा ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्यावी. हळद किंवा मिरची लावून वेळ घालवू नये. तोच कुत्रा आपल्या कुत्र्याला वा गाईला चावला असेल, तर पशुवैद्यकीय दवाखान्यालाही त्याच दिवशी कळवावे, कारण चाव्यानंतरची लस जनावरांनाही देता येते.