खराट्याचे हीर आणि सममूल्य अपूर्णांक

प्रिय बाई,

(वर्गात आता तुला सगळे बाईच म्हणणार, तेव्हा मीही सवय करून घेतो.)

तुझं पत्र पोचलं. चौथी-पाचवी एकाच खोलीत, दोन्हींचा मिळून पट चौदा. पाचवीची मुलं १/२ = २/४ फळ्यावरून नीट उतरवून घेतात आणि लगेच विचारतात, "बाई, २/४ जास्त ना? आकडे मोठे आहेत." विचारतात ते बरंच आहे, मुकाट्याने उतरवून घेणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते. अंश आणि छेद या दोन सुट्या संख्या आहेत असं मुलांना वाटतं, आणि ते फक्त मालवण तालुक्यात वाटतं असं नाही. १९७८ साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना १२/१३ + ७/८ चं अंदाजे उत्तर विचारलं होतं. पर्याय होते १, २, १९ आणि २१. दोन्ही अपूर्णांक जवळजवळ एक, म्हणजे उत्तर २. ते निवडणारी मुलं २४ टक्के. निम्म्याहून जास्त मुलं १९ नि २१ कडे गेली. तेव्हा मनाला लावून घेऊ नकोस.

सममूल्य, म्हणजे दिसायला वेगळ्या पण किमतीने सारख्या अपूर्णांकांवर गटाने प्रकल्प करायचा म्हणतेस, तर तक्ता रंगवून भिंतीला लावायचा प्रकल्प नको. तक्ता एक मुलगी रंगवते आणि बाकीचे डिंकाची बाटली धरून बसतात. घावन कापायचंही राहू दे. घावनाचे चार चतकोर सहज होतात, पण सारखे तीन भाग करायला घेतलेस की मोठ्या माणसाचाही हात चुकतो, आणि या धड्यातली खरी मजा तिसऱ्या भागापाशीच सुरू होते.

माडाचे हीर, म्हणजे झावळीच्या पात्यांमधल्या काड्या, घे. कुठल्याही घरी खराटा असतोच, त्यातले वाळलेले सरळ हीर मुलं मूठभर आणतील. सगळे बरोबर २४ सेंटिमीटरचे कापून घ्या. २४ च का, ते आधी सांगू नकोस. चौदा मुलांचे सहा गट कर आणि प्रत्येक गटाला एकच छेद दे: २, ३, ४, ६, ८, १२. प्रत्येक गटाला तीन हीर. एक अख्खा ठेवायचा, दोन आपल्या छेदाप्रमाणे कापायचे. दोनाच्या गटाचे तुकडे १२ सेंटिमीटरचे, तिनाच्या गटाचे ८ चे, मग ६, ४, ३ आणि २ चे. तुकड्याची लांबी मुलांनाच काढू दे. कापताना पट्टी वापरू दे; कापून झालं की सगळ्या पट्ट्या टेबलात ठेवून कुलूप लाव.

इथे एक भांडण होणार, ते होऊ दे. हीर बुडाशी जाड असतो नि शेंड्याला सुतासारखा बारीक. दोनाच्या गटातला कोणीतरी जाड तुकडा उचलून म्हणेल, "माझो अर्धो मोठो!" मी हे भांडण पाहिलंय. एका मुलीने दोन्ही अर्धे फरशीच्या सांध्यावर शेजारी शेजारी ठेवले, टोकं नखाने दाबून सारखी केली आणि म्हणाली, "लांब किती ता बघ, जाड किती ता नको." आपण नेमकं काय मोजतोय, हे ठरवल्याशिवाय अपूर्णांकाला अर्थ नाही, आणि ते ठरवण्याचं काम तिने केलं होतं. गुरुजी म्हणून मला फक्त गप्प बसायचं होतं. बोलक्या माणसाला ते सोपं नसतं.

मग बाजार भरव. नियम एकच: आपले तुकडे देऊन दुसऱ्या गटाकडून तेवढ्याच लांबीचे तुकडे घ्यायचे, आणि प्रत्येक व्यवहार फळ्यावर लिहायचा. मोजायचं नाही, फक्त टोकाला टोक लावून शेजारी ठेवायचं. दोनाच्या गटाने एक तुकडा दिला, सहाच्या गटाने तीन दिले: १/२ = ३/६. बाराच्या गटाकडे सगळ्यांची रीघ लागते, म्हणून तो गट गणितात मागे असलेल्या मुलांना दे. वर्गात एरवी ज्यांना कोणी विचारत नाही, त्यांच्यापुढे त्या दिवशी हुशार मुलं हात पसरून उभी असतात. हुशार मुलांना तीन दे. दोनाच्या गटाशी त्यांचा काही केल्या सौदा जमत नाही, अख्ख्याला अख्खा दिला तरच. का जमत नाही यावर डोकं खाजवायला त्यांना काहीतरी हवंच.

आठाच्या गटावर मात्र तू स्वतः लक्ष ठेव. त्यांचा एक तुकडा ३ सेंटिमीटरचा, बाराच्या गटाचा २ चा. एकास एक नाही, एकास दोन नाही. थोड्या वेळाने कोणाला तरी सापडतं: आपले दोन द्यायचे, त्यांचे तीन घ्यायचे. फळ्यावर लिहिलं जातं २/८ = ३/१२. दुसऱ्या दिवशी मुलं "अंशाला आणि छेदाला एकाच संख्येने गुणायचं" हा नियम शोधून काढतात आणि आनंदाने एकेका ओळीला लावत जातात. मग या ओळीपाशी गाडी अडते. दोनाला कितीने गुणलं की तीन येतात? तिथे घाईने मदत करू नकोस. चाराच्या गटातलं पोर आपला ६ सेंटिमीटरचा तुकडा आणून दोन्हींच्या शेजारी ठेवतं, आणि आधी २/८ चा १/४ करून मग त्याचा ३/१२ करायची वाट सापडते. भागूनही सममूल्य मिळतो, हे पुस्तकातलं वाक्य मग वाचायला दे. बाजाराच्या आधी दिलंस तर पाठ होईल, एवढंच.

कोणी २/३ = ३/४ असंही म्हणेल, कारण दोन्हीकडे अंश छेदापेक्षा एकने कमी. वाद घालू नकोस, तुकडे मांडायला सांग.

याच बाजारातून समच्छेदाची, म्हणजे छेद सारखे करून घेण्याची, सोय होते. १/४ आणि १/६ ची बेरीज करायची तर छेदांचा गुणाकार २४, पण बाराचे तुकडे दोघांनाही पुरतात. भास्कराचार्यांनी ११५० च्या 'लीलावती'त दोन्ही रीती दिल्या आहेत. एकमेकांच्या छेदाने गुणा. किंवा छेदांना सामाईक विभाजकाने भागून लहान करा आणि मग गुणा. ही दुसरी रीत शहाण्याची, असंही ते म्हणतात.

केंद्रप्रमुख नेमके बाजाराच्या वेळी आले आणि जमिनीवरचा कचरा बघून भुवया उंचावल्या, तर फळा दाखव आणि त्यांना एक सौदा करायला सांग.

तपासायला "२/३ = ?/१२" हा एक प्रश्न पुरे. दुसरा असा विचार: एका रापणीच्या (किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या) मासळीचा १/४ वाटा एका घराला मिळाला, दुसऱ्या रापणीचा २/८ दुसऱ्या घराला. दोन्ही घरांत मासळी सारखीच आली का? रापणीवर जाणाऱ्यांची मुलं लगेच म्हणतील, "कितकी गावली, ता आधी सांगा." पूर्ण सारखं असेल तरच सममूल्य भाग सारखे, हे त्यांना कळलेलं असतं. त्यांनाच बाकीच्यांना सांगू दे.

आणि पाचाचा गट का नाही, असं कोणीतरी विचारणारच. २४ ला पाचाने भाग जात नाही, हे ते स्वतःच सांगतील. मिलिमीटर आठवले तर २४० चे ४८ करून तुकडे कापूनही आणतील. कापू दे. मग त्यांना बाजारात पाठव आणि बघ, अख्ख्या हिराखेरीज कोणाशीच त्यांचा सौदा होणार नाही. दहाचा गट काढायचं सगळ्यात आधी कोण सुचवतं, ते मला कळव.

तुझा,
गुरुजी