अणू, रेणू आणि सराफाचा काटा

भुसावळच्या एका शिक्षिकेने विचारलं आहे: "माझा मुलगा मराठी माध्यमात शिकतो, शेजारच्या रेल्वे क्वार्टरमधला त्याचा मित्र हिंदी माध्यमात. दोघं एकत्र अभ्यासाला बसतात आणि रोज भांडतात. याच्या पुस्तकात पाण्याचा रेणू, त्याच्या पुस्तकात पानी का अणु. याचा अणू म्हणजे त्याचा परमाणु. बरोबर कोण? आणि अणू म्हणजे 'ज्याचे तुकडे होत नाहीत तो' असं मुलांना सांगावं का?"

दोघंही बरोबर आहेत, ताई. मराठीत अणू आणि रेणू, हिंदीत परमाणु आणि अणु. एकाच मिसळणाच्या डब्यातले मसाले दोन घरांनी वेगवेगळ्या वाट्यांत ठेवले, इतकंच. खटकतं ते वेगळंच. हल्ली मराठी बातम्यांत 'परमाणू करार', 'परमाणू चाचणी' असं सर्रास ऐकू येतं. मराठीत अणुकरार आहे, अणुचाचणी आहे, मुंबईत चांगलं अणुशक्तीनगर वसलेलं आहे, भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. हिंदी बातमी पुढ्यात ठेवून घाईत मराठी केली की हा 'परम' शिरतो, आणि ऐकणाऱ्या पोराला वाटतं की अणूपेक्षा परमाणू काही तरी निराळा, जास्त जबर असणार.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र माझं ठाम उत्तर आहे: सांगू नये. 'अविभाज्य' हा अर्थ अणूला चिकटवू नका. तो ग्रीकांच्या 'अ‍ॅटम' शब्दाचा अर्थ आहे: 'अ' म्हणजे नाही आणि 'टोमोस' म्हणजे कापलेला. जे कापता येत नाही ते. आपल्याकडे तसं लक्षण केलं गेलं ते परमाणूचं. वैशेषिकांचा, म्हणजे कणाद ऋषींच्या दर्शनाला मानणाऱ्यांचा, परमाणू निरवयव, म्हणजे त्याला भागच नाहीत. नुसता 'अणु' म्हणजे बारीक, इवलासा. तो कापता येतो की नाही याबद्दल हा शब्द अवाक्षर काढत नाही. म्हणूनच 1897 साली जे. जे. थॉमसनने केंब्रिजमध्ये ऋणकिरणांचे प्रयोग करून अणूच्या आतला ऋणभारित कण दाखवला, तेव्हा 'अ‍ॅटम' हे नावच खोटं ठरलं, पण 'अणू' खरा राहिला. हिंदीतल्या परमाणूची अवस्था पाहा. परम म्हणजे त्याच्यापलीकडे काही नाही, आणि त्याच्या पोटात इलेक्ट्रॉन, प्रोटॉन, न्यूट्रॉन. मराठीने 'परम' गाळला हे फार बरं झालं. अणु-रेणू ही जोडी मराठीच्या तोंडात आधीपासून होतीच. तुकोबांची ओळ सगळ्यांना पाठ आहे, ती इथे परत लिहीत नाही.

याच ठिकाणी एक राग काढून टाकतो. एका व्याख्यानात वक्ते म्हणाले, "कणादांनी इलेक्ट्रॉनसकट सगळं सांगून ठेवलं होतं." टाळ्याही पडल्या. कणादांच्या दर्शनात पृथ्वी, आप, तेज, वायू यांचे परमाणू आहेत आणि त्यांना आतली रचनाच नाही. रचना असती तर ते परमाणू राहिलेच नसते, हा त्यांच्या युक्तिवादाचा कणा आहे. त्यांच्या तोंडी इलेक्ट्रॉन घालणं म्हणजे त्यांचा सगळा विचार मोडून त्यांचा सत्कार करणं. विचार न वाचता केलेली ही भक्ती मला सहन होत नाही.

आता ज्यासाठी मी लिहायला बसलो ते सांगतो. अणू हे एका धान्याचं नाव आहे.

रुद्राला जोडून म्हणतात त्या 'चमक' नावाच्या वैदिक पाठात धान्यांची यादी येते. भात, जव, उडीद, तीळ, मूग, गहू, मसूर असं म्हणत म्हणत 'अणवश्च मे' येतं. माझे अणूही मला मिळोत. पुढे लगेच श्यामाक आणि नीवार. पाणिनीचं सूत्र तर शेतकऱ्याच्या बांधावरच बसून लिहिल्यासारखं आहे: 'विभाषा तिलमाषोमाभङ्गाणुभ्यः' (5.2.4). तीळ, उडीद, जवस, भांग आणि अणू ज्या शेतात पिकतात त्या शेतांची नावं कशी करायची ते यात सांगितलं आहे. अणूचं शेत ते 'अणव्य' किंवा 'आणवीन'. हे अणू म्हणजे आपल्या भगरीच्या जातीचं बारीक तृणधान्य. पुण्याकडे उपासाला वरई शिजते, आमच्या खानदेशात भगर. आजी सुपात भगर पाखडताना एक दाणा बोटाच्या पेरावर घेऊन दाखवायची, "कितली बारीक शे!" तो पिवळट पांढरा ठिपका पेरावरच्या रेषेत अडकून बसायचा. अणू म्हटलं की मला अजून तोच दिसतो.

कोशकार म्हणतात, मूळ अर्थ 'बारीक', धान्याचं नाव त्यावरून पडलं. त्यांच्या हाताशी पुरावाही आहे: ऋग्वेदात सोम पिळणाऱ्या नाजूक बोटांना 'अण्वी' म्हटलं आहे. विशेषण जुनं आहे हे मला मान्य आहे. पण विशेषण जुनं म्हणून तत्त्वज्ञांनी ते बोटांवरून उचललं असं होत नाही. त्यांच्या डोळ्यासमोर काय होतं ते पाहायला हवं, आणि कोशात पाचव्या-सहाव्या अर्थाला ढकललेलं धान्य मला तिथे पहिल्या रांगेत दिसतं. खुद्द कणाद या नावाची फोड करा: कण अधिक अद, कण खाणारा. प्रतिपक्षाने त्यांना 'कणभुक्' म्हटलंच आहे. परंपरा सांगते की ते शेतात सांडलेले दाणे वेचून खात. कण म्हणजे दाणा. आपल्याकडे कण्या, कणीस, कणगी हे सगळे धान्याचेच शब्द. ज्यांच्या नावातच दाणा, त्यांच्या दर्शनातला अणू शेतातून आला हे म्हणायला इतकी काचकूच का? काही पंडितांना तत्त्वज्ञान मातीतून उगवलं तर ते उणं वाटतं. मला वाटत नाही.

आणि दाण्यानेच आपण जगातली सगळ्यात मोलाची वस्तू तोलत होतो. सोनं. जळगावच्या सराफ बाजारात आज इलेक्ट्रॉनिक काटे आहेत, पण गुंज, मासा, तोळा हे शब्द अजून जिभेवर आहेत. गुंज हे बी, मासा म्हणजे माष, उडदाचा दाणा. याज्ञवल्क्यस्मृतीत या तोलाचं कोष्टक आहे, आणि ते कुठून सुरू होतं ते पाहा. जाळीतून आलेल्या उन्हात जो धुरळा दिसतो तो त्रसरेणू. 8 त्रसरेणू म्हणजे एक लिक्षा, म्हणजे आपली केसांतली लीख. 3 लिक्षा म्हणजे एक राजसर्षप, ही काळी मोहरी. 3 राजसर्षप म्हणजे एक पांढरी मोहरी, 6 पांढऱ्या मोहऱ्या म्हणजे एक जव, 3 जव म्हणजे एक कृष्णल, म्हणजे गुंज. गुणाकार केला की एका गुंजेत 1296 त्रसरेणू भरतात. मनुस्मृतीतही हेच कोष्टक आहे.

हाच तो रेणू, मराठी विज्ञानाच्या पुस्तकातला. वैशेषिकांची मांडणी अशी: दोन परमाणूंचं द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचा त्रसरेणू, आणि तो डोळ्याला दिसणारा पहिला पदार्थ. म्हणजे अणू जुळून झालेला तो रेणू. ऑक्सिजनचा एक अणू आणि हायड्रोजनचे दोन जुळून पाण्याचा रेणू होतो, यात हाच अर्थ जसाच्या तसा उतरला आहे. हिंदीतला 'अणु' हे सांगत नाही. तुमच्या मुलाच्या मित्राला हे जरूर ऐकवा, पण प्रेमाने. खुद्द युरोपातही हा गोंधळ पन्नास वर्षं होता. डाल्टन पाण्याच्या रेणूला 'संयुक्त अणू' म्हणायचा, अ‍ॅव्होगाड्रोने 1811 मध्ये फरक दाखवला, आणि तो सर्वांच्या गळी उतरायला 1860 नंतरचा काळ उजाडावा लागला.

सोन्याच्या तोलाची सुरुवात धुळीने का व्हावी? सराफ गल्लीत पहाटे जाऊन झारेकऱ्यांना पाहा. दुकानांपुढची धूळ आणि गटारातला गाळ ते गोळा करतात, धुतात, गाळतात आणि त्यातून सोन्याचा कण काढतात. ज्या गल्लीत केरालाही किंमत आहे, तिथे धुळीचा कण हे पहिलं माप असणारच. हा माझा तर्क आहे, आणि तो मला सोडवत नाही.

'त्रस' म्हणजे थरथरणारा, हलणारा. त्रास, त्रस्त त्याच धातूचे. खानदेशातल्या धाब्याच्या घरात छताला उजेडासाठी भोक ठेवलेलं असे. दुपारी त्यातून कवडसा पडला की धुळीचे कण वर-खाली नाचताना दिसत. कवडशातला तो नाच मुख्यतः हवेच्या झुळकांचा असतो. पण 1827 मध्ये रॉबर्ट ब्राउनने सूक्ष्मदर्शकाखाली परागरेणूंतून निघालेले कण पाण्यात थरथरताना पाहिले, तिथे झुळूक नव्हती. पाण्याचे रेणू त्यांना चहूबाजूंनी धडका देत होते. आइनस्टाइनने 1905 मध्ये त्याचं गणित मांडलं, आणि कोकमाच्या कुळातल्या एका झाडाच्या पिवळ्या डिंकाचे गोळे मोजत बसून झाँ पेरँने ते खरं ठरवलं. अणू आहेत की नुसती सोयीची कल्पना आहे, हा वाद त्याने मिटला. आता हिशेब करता येतो: गुंज साधारण 0.12 ग्रॅमची धरली, तर सोन्याच्या एका त्रसरेणूत सुमारे 28 कोटी अब्ज अणू बसतात. वैशेषिकांनी सहा म्हटले होते.

आणि अणूच्या आत काय आहे हे कळलं तेही सोन्यामुळेच. थॉमसनला वाटत होतं की धनभार अणूभर पसरलेला आहे आणि त्यात इलेक्ट्रॉन रुतले आहेत, कलिंगडात बिया असतात तसे. मँचेस्टरला रदरफोर्डच्या हाताखाली गायगर आणि विशीतला मार्सडेन 1909 मध्ये धातूच्या पातळ पत्र्यांवर अल्फा कण, म्हणजे किरणोत्सारी पदार्थातून सुटणारे धनभारित कण, मारत होते. अंधाऱ्या खोलीत बसून, डोळे काळोखाला सरावले की झिंक सल्फाइडच्या पडद्यावर चमकणारे ठिपके एक एक करून मोजायचे, हे काम. सोनं घेतलं कारण ते ठोकून हवं तितकं पातळ होतं. मिठाईवरचा वर्ख पाहणाऱ्याला हे सांगायला नको. रदरफोर्डच्या 1911 च्या निबंधात आकडा आहे: सुमारे 0.00004 सेंटिमीटर जाडीच्या सोन्याच्या वर्खातून जाताना 20,000 कणांमागे एखादा सरासरी 90 अंशांत वळतो. बाकीचे जवळपास सरळ पार. कलिंगडाच्या गरात असा दणका देणारं काहीच नाही. तेव्हा अणूचा एका जातीचा सगळा विद्युतभार आणि जवळजवळ सगळं वस्तुमान मधल्या एका इवल्या जागी दाटलेलं असणार, असा निष्कर्ष निघाला. सोन्याच्या अणूचं हे केंद्रक भगरीच्या दाण्याएवढं केलं, तर अणू सुमारे 30 मीटर रुंद होईल. मधे एक दाणा, आणि भोवती सगळं मोकळं रान.

इंग्रजीत त्याला न्यूक्लियस म्हटलं. लॅटिनमध्ये याचा अर्थ कवचाच्या आतला गर, मगज. म्हणजे तिथेही बीच! आपण मात्र 'केंद्रक' घेतला. परिभाषा करणाऱ्यांनी तो शुद्ध संस्कृत म्हणून घेतला असेल, तर त्यांनी केंद्र हा शब्द पुन्हा उघडून पाहावा. तो ज्योतिषाबरोबर ग्रीकांकडून आलेला 'केंट्रोन' आहे: टोचणारं टोक, बैल हाकायची पराणी. पराणीची आर जिथे रोवली त्याभोवती वर्तुळ फिरलं, ते केंद्र. शब्द चांगला आहे, रुळला आहे, माझी तक्रार नाही. पण 'अणुबीज' म्हटलं असतं तर अर्थ सरळ घरात आला असता. पुढे 1913 मध्ये बोरने इलेक्ट्रॉनांच्या कक्षा ठरवून दिल्या आणि 1932 मध्ये चॅडविकला न्यूट्रॉन सापडला. ते पाठ्यपुस्तकात नीट दिलेलं असतं.

ताई, मुलाच्या वहीत एक गोष्ट मात्र तपासा. सुटा शब्द लिहिताना शेवट दीर्घ: अणू, रेणू. समासात आधी आला की ह्रस्व: अणुऊर्जा, अणुक्रमांक, रेणुसूत्र. फळ्यावर 'अणूक्रमांक' पाहिला की माझा हात खडूकडे जातो. आणि त्याचा मित्र 'अणु' ह्रस्व लिहील, त्याच्या हिंदीत ते बरोबर आहे, त्याला खोडायला लावू नका.