ठेलेवाल्यांचं धोरण, भिंतीवरच्या चिठ्ठ्या आणि नोटशीट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. इंदूरमध्ये ठेलेवाल्यांच्या जागा ठरवण्याच्या कामात तुम्ही सल्लागारांच्या बाजूने आहात. दोन दिवसांची डिझाइन थिंकिंगची, म्हणजे लोकांना जवळून पाहून उपाय घडवण्याच्या पद्धतीची, कार्यशाळा झाली, भिंत रंगीत चिठ्ठ्यांनी भरली, साहेबांनी कौतुक केलं, फोटो निघाले. त्यानंतर जो मसुदा आला तो कार्यशाळेच्या आधी होता तसाच. मग या पद्धतींचा धोरण ठरवताना खरंच उपयोग होतो, की सगळं सोंग?

उपयोग होतो. पण तुमची कार्यशाळा झाली तेव्हा ठरायचं ते बहुतेक ठरून गेलेलं होतं. मी नोकरीभर फाइलच्या पलीकडच्या बाजूला बसलो, आधी लेखा शाखेत आणि नंतर नगर प्रशासनात, त्यामुळे तिकडून काय दिसतं ते सांगतो.

धोरण म्हणजे शेवटी काही ओळी असतात. पात्र कोण, कागद कोणते, मुदत किती, सही कोणाची, तपासणार कोण, पैसा कुठल्या मदातून. त्यांतल्या बहुतेक ओळी पहिल्या टिपेतच, म्हणजे फाइलमधल्या नोटशीटवर, येतात, आणि ती टीप कोणीतरी बाबू मागच्या योजनेची फाइल शेजारी उघडी ठेवून लिहितो. पुढे साहेब लोक खाडाखोड करतात, पण सांगाडा तोच राहतो. तुमची चिठ्ठी यातल्या एखाद्या ओळीत उतरली तर जगली. ‘विक्रेत्यांना सन्मान मिळावा’ ही कुठल्याच ओळीत बसत नाही, म्हणून ती गेली. बाबूला त्याबद्दल बोल लावता येत नाही. ‘जो फक्त रात्री धंदा करतो त्याला रात्रीपुरतीच जागा द्यावी, आणि तीच जागा दिवसा दुसऱ्याला द्यावी’ ही मात्र सरळ कलम म्हणून लिहिता येते.

हे उदाहरण मी हवेतून काढलेलं नाही. सराफ्यात जाऊन बघा. दिवसभर सोन्याचांदीची दुकानं. ती रात्री शटर ओढतात आणि त्याच ओटल्यांवर, त्याच रस्त्यावर भुट्ट्याचं कीस, गराडू, जिलबी सुरू होते ती मध्यरात्र उलटेपर्यंत. सराफांनाही ते वर्षानुवर्षं चालत आलं, कारण वर्दळ असली की बंद दुकानांवर आपोआप नजर राहते. एकाच जागेवर दोन बाजार नांदतायत, आणि त्याचा नकाशा कुठल्याही सल्लागाराने काढलेला नाही. आता तुमच्या मसुद्यातला तक्ता उघडा. त्यात जागेचा क्रमांक, लांबी, रुंदी, विक्रेत्याचं नाव एवढे रकाने असतील. वेळेचा रकाना नसेल. तो एक रकाना वाढवला की त्याच रस्त्यावर जास्त माणसं मावतात, आणि सकाळचा भाजीवाला आणि रात्रीचा चाटवाला एकमेकांचे वैरी राहत नाहीत. पद्धतीचा खरा उपयोग हा. बाजारात बसून पाहायचं, आणि पाहिलेलं तक्त्याच्या रकान्यापर्यंत पोचवायचं. सकाळी, भर दुपारी आणि रात्री, तिन्ही वेळा जा. सर्वेक्षण करणारे बहुधा ऑफिसच्या वेळेत जातात, आणि त्या वेळेत निम्मे विक्रेते घरी झोपलेले असतात.

ब्रिटनच्या डिझाइन कौन्सिलने 2005 च्या सुमारास मांडलेली डबल डायमंडची आकृती तुम्हाला कार्यशाळेत दाखवलीच असेल: आधी प्रश्न शोधा, मग तो नेमका मांडा, मग उपाय घडवा, मग अमलात आणा. सरकारात पहिला हिरा, म्हणजे प्रश्न शोधून मांडण्याचा भाग, जवळजवळ नसतोच. प्रश्न फाइलच्या विषयाच्या ओळीतच मांडून आलेला असतो. ‘विषय: अमुक मार्गावरील अतिक्रमण हटविण्याबाबत’ असं लिहिलं की फाइल रिमूव्हल गँगकडे जाणार. तोच रस्ता, तेच ठेले, पण विषय ‘पथविक्रेत्यांना विक्रय प्रमाणपत्र देण्याबाबत’ असला तर फाइल दुसऱ्या टेबलावर जाते आणि तिथे दुसरे नियम उघडतात. तेव्हा जमेल तर विषयाची ओळ लिहिली जाते त्या दिवशी हजर राहा. तिथे चहा पिता पिता झालेलं बोलणं दोन दिवसांच्या कार्यशाळेला भारी पडतं.

तुमच्या विषयात तर कायदाच मदतीला आहे, आणि त्याचा वापर लोक फार कमी करतात. 2014 च्या पथविक्रेता कायद्यात नगर विक्रय समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांचे प्रतिनिधी हवेत, आणि त्यांच्यातही एक तृतीयांश स्त्रिया हव्यात, असं लिहिलंय. 30 दिवसांची नोटीस दिल्याशिवाय कोणाला हलवता येत नाही. जिथे गिऱ्हाईक आणि विक्रेते परंपरेने जमत आलेत त्या जागेला नैसर्गिक बाजार म्हणून ओळखही देता येते. तुम्ही ज्याला सहभागी डिझाइन म्हणता त्यासाठी वेगळी परवानगी, वेगळं बजेट काही लागत नाही. ही समिती नीट बसवली की पुरे. तिथे चिठ्ठ्या चिकटवू नका. खडूने जमिनीवर जागा आखा आणि विक्रेत्यांना त्यात ठेले उभे करायला सांगा. गिऱ्हाईक कुठून येतं, पाणी कुठे सांडतं, मोटरसायकल कुठे अडते, हे दहा मिनिटांत तेच सांगतील.

आता नमुन्याबद्दल, म्हणजे तुम्ही ज्याला प्रोटोटाइप म्हणता त्याबद्दल. तो कागदी पुठ्ठ्याचा करून मुख्यालयात मांडण्यात अर्थ नाही. सरकारात नमुना म्हणजे लहानसा आदेश: एक झोन, चार महिने, आणि शेवटच्या परिच्छेदात ‘या काळात आलेल्या अनुभवानुसार अटींमध्ये बदल करण्याचे अधिकार अपर आयुक्तांस राहतील’ असं वाक्य. हे वाक्य नसेल तर वाईट निघालेली अटही बदलता येत नाही, कारण बदलली की ऑडिटवाले विचारतात, आधी चूक का केली होती? हे वाक्य असलं की बदल हा आदेशाचाच भाग होतो. अधिकारी भित्रे असतात असं बाहेरचे म्हणतात. ऑडिट पॅरा, म्हणजे हिशेब तपासणीतला लेखी आक्षेप, आला की उत्तर देणारा एकटाच असतो, हे त्यांना माहीत नसतं.

आपल्या शहराचा कचरा घ्या. 2017 पासून स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरचं नाव वर आहे, आणि लोक श्रेय शिस्तीला, गाण्याला, दंडाला देतात. मी निम्मं श्रेय गाडीच्या पत्र्याला देतो. गाडीतच ओल्या-सुक्याचे वेगळे कप्पे केले, पुढे ते सहापर्यंत गेले, आणि रस्त्यावरच्या कचरापेट्या उचलल्या. वेगळं न केलेला कचरा टाकायला जागाच उरली नाही. गाडी रोज ठरल्या वेळी यावी म्हणून मार्ग बांधले. हे आधी मोजक्या वॉर्डांत चालवून पाहिलं आणि मग शहरभर नेलं. नियम आधी पत्र्यात आणि वेळापत्रकात उतरला, लोकांच्या सवयीत तो नंतर आला. वॉर्डातल्या सफाईवर देखरेख करणाऱ्या दरोग्याला बोलतं करा, तो हे माझ्यापेक्षा चांगलं सांगेल.

उलटं उदाहरणही इथलंच. निरंजनपूर ते राजीव गांधी चौक, सुमारे साडेअकरा किलोमीटरचा बीआरटीएस, म्हणजे जलद बसचा राखीव मार्ग, 2013 मध्ये सुरू झाला, आणि 2025 च्या फेब्रुवारीत तो काढायला उच्च न्यायालयाने मंजुरी दिली. बससाठी वेगळी लेन ही कल्पना चुकीची होती असं मला आजही वाटत नाही. पण सिमेंट ओतल्यावर अटी बदलता येत नाहीत. असलं काम आधी प्लास्टिकचे कोन लावून काही महिने चालवून बघावं, चौकाचौकातले वाद तिथे होऊ द्यावेत, आणि मग टेंडर काढावं.

बाकी हे सगळं परदेशातून आता आलेलं खूळ आहे असं कोणी म्हणालं तर त्याला स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडीसची आठवण करून द्या. होळकर दरबारासाठी त्याने केलेला इंदूरचा अहवाल 1918 मध्ये छापला गेला. उपचाराआधी निदान, निदानासाठी पायी फिरणं, आणि जुन्या वस्तीतून रुंद सरळ रस्ते घुसवण्यापेक्षा लागेल तिथे लहानशी शस्त्रक्रिया, हा त्याचा आग्रह होता. त्याच्या चरित्रांत इंदूरची एक दिवाळी येते. प्लेगचे दिवस. मिरवणुकीचा मार्ग आधी सांगितला नव्हता. ज्या रस्त्यांवर घरं सगळ्यात जास्त साफ-दुरुस्त होतील तिथून ती जाणार होती, आणि मिरवणुकीत घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर नाचवला होता. ही योजना कुठल्याही वर्तणूक-विज्ञानाच्या कार्यशाळेत खपून जाईल.

एक सावधगिरी. काय मोजायचं ते फार विचार करून ठरवा. मध्य प्रदेशाने 2010 मध्ये देशात सर्वांत आधी लोकसेवा हमीचा कायदा केला, मुदत चुकली तर अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये दंड. चांगलीच रचना. पण मुदत मोजली की लोक मुदत सांभाळायला लागतात, आणि मुदत सांभाळायचा सोपा उपाय म्हणजे अर्ज त्रुटी काढून परत करणं. 181 या मुख्यमंत्री हेल्पलाइनवरच्या तक्रारींचंही तसंच: तक्रार बंद झाली हे मोजलं की ‘बंद करून टाका ना भिया’ असे फोन सुरू होतात. तुमच्या मसुद्यात ‘वाटप केलेली प्रमाणपत्रे’ हा आकडा असणारच. त्याच्या शेजारी सहा महिन्यांनी त्याच जागेवर किती जण धंदा करतायत हा रकाना ठेवा, आणि मोजणी जागा देणाऱ्या शाखेकडे सोपवू नका.

‘इनोव्हेशन लॅब’, म्हणजे नवे प्रयोग करणारा वेगळा कक्ष, काढावी का असंही तुम्ही विचारलंय. माझं मत विरुद्ध आहे. डेन्मार्क सरकारची अशीच लॅब, माइंडलॅब, 2002 ला सुरू झाली, जगभर नाव झालं, आणि 2018 ला बंद केली. वेगळ्या खोलीत बसलेली टोळी सरकार किंवा साहेब बदलला की पहिली उठवली जाते. त्यापेक्षा नोटशीट लिहिणाऱ्या दोन बाबूंना तुमच्याबरोबर सराफ्यात रात्री अकराला न्या. आयुक्तांना नाही नेलं तरी चालेल. आणि नगर विक्रय समितीची पुढची बैठक कधी आहे ते उद्याच विचारून घ्या. कार्यसूची निघण्याआधी तुमचा वेळेचा रकाना विक्रेत्यांच्याच एखाद्या प्रतिनिधीकडून लेखी विषय म्हणून जाऊ द्या. सल्लागाराच्या सादरीकरणावर नुसतं ‘पाहिले’ लिहिता येतं, सदस्याचा लेखी विषय असला की इतिवृत्तात निर्णय नोंदवावा लागतो.