तळाच्या संघामागचा हंगाम

तुम्ही विचारलंय की टीव्हीवर आयएसएल आणि प्रीमिअर लीग दिसत असताना एखाद्या लहान, स्थानिक फुटबॉल संघाच्या मागे अख्खा हंगाम फिरण्यात काय मिळतं. मी कोल्हापूरचा आहे, म्हणून इथलंच सांगतो.

आमच्याकडे संघ तालमींचे आणि तरुण मंडळांचे असतात. पाटाकडील, खंडोबा, शिवाजी, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस ही नावं कोल्हापुरात लहान पोरालाही पाठ असतात. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन म्हणजे केएसए १९४० पासूनची, आणि तिची लीग राजर्षी शाहू स्टेडियमवर होते. माझा संघ या मोठ्या नावांतला नाही. नाव मुद्दाम घेत नाही, कारण जे सांगणार आहे ते तळाच्या कुठल्याही संघाला लागू पडतं.

हंगाम सुरू होतो तो खेळाडू नोंदणीपासून. कोण कुठल्या पेठेत गेला, कुणी कुणाला फोडलं, परदेशी खेळाडू कोण आणतंय, याची चर्चा चहाच्या गाड्यावर रात्री उशिरापर्यंत चालते. आमच्यासारख्यांसाठी हे दिवस काळजीचे. आपल्याच गल्लीत घडलेला, गेल्या वर्षी चमकलेला पोरगा मोठ्या तालमीनं उचलला की जीव तुटतो. पण राग धरवत नाही; चार पैसे मिळणार असतील आणि मोठ्या सामन्यांत खेळायला मिळणार असेल तर त्यानं का जाऊ नये?

मग लीग. वरच्या संघांचं लक्ष जेतेपदाकडे, आमचं वरच्या गटात टिकण्याकडे. हे बाहेरच्याला कळत नाही, पण खरा थरार तिथंच आहे. पाटाकडीलसमोर शून्य-शून्य बरोबरी चालू आहे, शेवटची पाच-सात मिनिटं उरलीत, चेंडू सतत आपल्याच डीमध्ये, म्हणजे आपल्या गोलसमोर. सेंटर बॅकच्या, म्हणजे बचावाच्या मधल्या खेळाडूच्या पायात गोळे आलेत, तो खाली बसतो, गोलकीपर धावत येऊन त्याचा पाय ताणतो आणि तो लंगडतच पुन्हा कॉर्नर अडवायला उभा राहतो. हा सेंटर बॅक सकाळी दुकानाचं शटर उघडताना मला दिसलेला असतो. त्या एका गुणासाठी आमच्या बाजूची गॅलरी असा जल्लोष करते की परका माणूस विचारेल, फायनल जिंकली काय? टीव्हीवरचा कुठलाही गोल मला हे देऊ शकलेला नाही.

हरलेले सामने जास्त असतात, हेही सांगतो. भर उन्हात जायचं, तीन-चार गोल खायचे आणि तरीही खेळाडू बाहेर येईपर्यंत गेटवर थांबायचं. थांबायचंच. जिंकल्यावर पाठीवर थाप मारणारे शंभर असतात.

लीगनंतर चषक स्पर्धा, म्हणजे बाद फेरी. तिथं लहान संघालाही संधी असते, कारण एक दिवस बचाव तटून राहिला आणि सामना टायब्रेकरवर, म्हणजे पेनल्टी किकवर गेला की कुणीही कुणाला बाहेर काढतं.

एक गोष्ट मात्र मनापासून खटकते. पेठांची ईर्षा हाच इथल्या फुटबॉलचा प्राण, पण ती गॅलरीतून दगड-बाटल्यांवर उतरली की बंदोबस्त वाढतो, वेळ आली तर स्पर्धाच थांबते आणि नुकसान खेळाडूंचं होतं. याच शहरातला अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. त्याच्यामागून येऊ पाहणाऱ्या पोरांना सामने हवेत. ते बंद पाडणारा माणूस माझ्या संघाचा असला तरी मी त्याला चाहता मानत नाही.

तुमच्या शहरात लीग असेल तर फायनलला जाऊ नका. हंगामाच्या मध्यावर, तळाच्या दोन संघांच्या सामन्याला जा, आणि एकाच्या पाठिराख्यांत बसा. कोण खेळतंय ते शेजारचा माणूस न विचारता सांगेल, अगदी कोण कुणाचा भाचा तेसुद्धा. पुढच्या सामन्याची तारीखही त्यालाच विचारून घ्या.