'सहक्षेपित'मधला 'प्र' कुठे गेला?

जुळे सोलापूरच्या एका वाचकाने विचारले आहे: "जुन्या रेडिओ कार्यक्रमपत्रिकांचे स्कॅन चाळतो आहे. वर्तमानपत्रातल्या रकान्यात 'प्रादेशिक बातम्या (पुण्याहून सहक्षेपित)' असे पुन्हा पुन्हा दिसते. शब्द 'सहप्रक्षेपित' हवा ना? खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याने 'प्र' खाल्ला का? आणि हल्ली सगळेच 'प्रसारित' म्हणतात, तर तेच का लिहू नये?"

'प्र' कुणीही खाल्लेला नाही. 'सहक्षेपित', म्हणजे एका केंद्राचा कार्यक्रम दुसऱ्या केंद्राने त्याच क्षणी सोडलेला, हा शब्द आहे तसाच बरोबर आहे आणि तो मला मनापासून आवडतो.

मुळात धातू आहे 'क्षिप्', म्हणजे फेकणे. मराठीत या एका धातूचा केवढा गोतावळा आहे बघा. बोलण्यात मध्येच काही टाकले की आक्षेप, विश्वासाने कुणाकडे टाकलेली ठेव म्हणजे निक्षेप, पसारा आवरून थोडक्यात आणला की संक्षेप. यांत 'प्र' हा फक्त एक उपसर्ग, 'आ', 'नि', 'सम्' यांच्यासारखाच. तो नसला म्हणून धातू लंगडा होत नाही. सावरकरांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या शब्दांत 'नभोवाणी'बरोबर 'ध्वनिक्षेपक'ही आहे, आणि त्यातही 'प्र' नाही. सभेच्या मांडवात आपण 'ध्वनिप्रक्षेपक लावा' असे कधी म्हटले नाही. ध्वनिक्षेपक, ध्वनिक्षेपण, सहक्षेपण ही एका घरातली भावंडे आहेत. 'प्रक्षेपण' हा त्यांचा चुलतभाऊ.

'सहप्रक्षेपित' व्याकरणाने चूक नाही. 'सहप्रवासी' चालतो तसा तोही चालेल. पण रूढ झालेला नेमका शब्द हाताशी असताना त्याला 'प्र'ची जोड कशासाठी द्यायची?

'प्र' लागला की काय होते, त्याची एक गंमत आहे. पोथ्यांचा अभ्यास करणारे 'प्रक्षिप्त' म्हणतात ते मूळ ग्रंथात मागाहून कुणी घुसडलेल्या मजकुराला. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती पाठांत शिरलेली अशी भेसळ निपटण्यासाठी. म्हणजे त्याच धातूचा, त्याच उपसर्गाचा 'प्रक्षिप्त' संशयाने उच्चारला जातो आणि 'प्रक्षेपित' अभिमानाने. फेकणे तेच. पोथीत फेकले तर दोष, हवेत फेकले तर कार्यक्रम.

आता 'प्रसारित'. हा धातू 'सृ', म्हणजे सरणे. 'प्रसारण' म्हणजे पसरणे, लांबवणे. वैशेषिक दर्शनाच्या पंडितांनी कर्माचे, म्हणजे हालचालीचे, पाच प्रकार मानले: उत्क्षेपण, अपक्षेपण, आकुंचन, प्रसारण आणि गमन. वर फेकणे, खाली फेकणे, आखडणे, पसरणे, जाणे. क्षेपण आणि प्रसारण एकाच यादीत, पण वेगवेगळ्या क्रिया म्हणून. रेडिओसाठी हिंदीने 'प्रसारण' घेतले आणि मराठीत 'प्रक्षेपण' रुजले. दोन्ही भाषांनी आपापल्या जागी योग्यच केले. 'प्रसारित' लिहिले तर चूक म्हणणार नाही मी, पण एक अडचण आहे. 'प्रसारित' म्हटल्यावर कार्यक्रम लोकांपर्यंत गेला एवढेच कळते. तो कुठून निघाला आणि कोणत्या केंद्राने उचलला, हे कळत नाही. 'सहक्षेपित' ते सांगतो.

त्या रकान्यातली ओळच घ्या: "७.१० प्रादेशिक बातम्या (पुण्याहून सहक्षेपित)". बातमीपत्र वाचले जाते पुण्याच्या स्टुडिओत. पुणे केंद्र ते प्रक्षेपित करते. त्याच क्षणी सोलापूर केंद्र तेच आपल्या प्रक्षेपकावरून सोडते, म्हणजे सहक्षेपित करते. तीच बातमी संध्याकाळी ध्वनिमुद्रणावरून पुन्हा ऐकवली असती तर ते पुनःप्रक्षेपण झाले असते. तीन शब्द, तीन वेगळी कामे. (आणि 'पुनर्प्रक्षेपण' लिहू नका. पुढे 'ज', 'व' असे मृदू व्यंजन असेल तर रफार, जसे पुनर्जन्म, पुनर्विवाह. पुढे 'प' असेल तर विसर्ग तसाच राहतो. बोलताना तो 'पुनप्प्रक्षेपण' असा ऐकू येतो, तेही ठीकच.)

इंग्रजीत याच जागी 'रिले' येतो. त्या शब्दात जुनी कल्पना दमलेल्या घोड्यांच्या जागी ताजे घोडे जोडण्याची आहे, म्हणजे एकाने दुसऱ्याच्या हाती देण्याची. मराठी शब्द करणाऱ्याने त्याचे भाषांतर केले नाही. त्याने 'सह' निवडला: सहभोजन, सहगान यांतला. पुढच्याच्या हाती देणे नव्हे, बरोबरीने फेकणे. पुण्यात आणि सोलापुरात एकाच क्षणी एकच वाक्य उमटते, हे या शब्दात बरोबर पकडले आहे. माझ्या मते इथे मराठी शब्द इंग्रजीहून सरस आहे.

इंग्रजी 'ब्रॉडकास्ट'ही शेतातून आलेला आहे. बी हाताने चौफेर फेकून पेरणे, हा त्याचा रेडिओच्या आधीचा अर्थ. आपल्याकडे त्याला फोकणे म्हणतात. सोलापूर भागात शाळू कुणी फोकत नाही. तो तिफणीने, ओळीत, ओल बघून पेरायचा. पण विहिरीजवळच्या वाफ्यात मेथी-कोथिंबीर फोकतात. मूठ भरायची, मनगट सैल सोडायचे आणि अर्धवर्तुळात हात फिरवायचा. बी कुठे पडेल ते फेकणाऱ्याला नेमके ठाऊक नसते. लहरी सोडणाऱ्या केंद्राचेही तेच. 'क्षेपण' शब्दात तो सुटलेला हात अजून शाबूत आहे.

स्कॅनमध्ये शोध घेताना दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवा. 'दि इंडियन रेडिओ टाइम्स' हे रेडिओ कार्यक्रमांचे नियतकालिक १९२७ मध्ये मुंबईहून सुरू झाले, २२ डिसेंबर १९३५ पासून त्याचे नाव 'दि इंडियन लिसनर' झाले आणि १९५८ च्या जानेवारीपासून 'आकाशवाणी'. त्याचे अंक इंग्रजीत असल्याने मराठी कार्यक्रमांची नावेही रोमन लिपीत आहेत. तिथे 'सहक्षेपित' सापडणार नाही, 'रिले'च शोधा. मराठी छापील मजकुरात जुन्या काळासाठी 'आकाशवाणी'बरोबर 'नभोवाणी'ही शोधा. आणि देवनागरी स्कॅनवर यंत्राच्या वाचनाचा भरवसा धरू नका. 'क्ष' त्याला हमखास चकवतो, आणि अरुंद रकान्यात 'सह-' एका ओळीत, 'क्षेपित' दुसऱ्या ओळीत तुटलेला असतो. नुसता 'पित' शोधून बघा, किंवा सरळ पान उघडून डोळ्यांनी वाचा. बीबीसीने आपल्या 'रेडिओ टाइम्स' या कार्यक्रमपत्रिकेतल्या १९२३ ते २००९ च्या याद्या २०१४ मध्ये खुल्या केल्या, तेव्हा यंत्राच्या अशा चुका दुरुस्त करायला वाचकांनाच हाताशी घेतले होते. शिवाय अशी यादी म्हणजे आधी ठरवलेला बेत असतो. प्रत्यक्षात तो कार्यक्रम झालाच, असे त्यावरून म्हणता येत नाही. शब्दासाठी मात्र ती अव्वल पुरावा, कारण प्रत्येक ओळीला तारीख असते.

सोलापुरात या शब्दांना आणखी एक रंग होता. सोलापूरला स्वतःचे केंद्र होण्याआधी इथल्या रेडिओचा काटा पुण्यावर, धारवाडवर, हैदराबादवर फिरायचा. रात्री तर लांबची केंद्रेही स्वच्छ यायची, कारण मध्यम लहरी दिवसा शोषून घेणारा वातावरणातला थर सूर्य मावळल्यावर विरतो आणि लहरी वरच्या थरावर आपटून दूरवर उतरतात. कानडी शेजाऱ्यांकडे रेडिओला 'बानुली' असा सुरेख शब्द आहे: 'बान' म्हणजे आकाश, 'उली' म्हणजे ध्वनी. आमच्या 'नभोवाणी'ची ती सख्खी बहीणच.

आणि घरात? साखर पेठेत आमच्या शेजारी तेलुगू बोलणाऱ्या अक्का होत्या. मांडीवर सूप, त्यात तंबाखू आणि कापलेली पाने, बोटे विड्या वळत असायची आणि डोळे रस्त्यावर. रेडिओ आमच्याकडे. सकाळी त्या भिंतीपलीकडून मराठीत विचारायच्या, "पुणं लागलं का?" आई म्हणायची, "लागलं, बातम्या लागल्यात." प्रक्षेपित, सहक्षेपित, प्रसारित यांतला एकही शब्द दोघींच्या तोंडी कधी आला नाही. गाणे लागते, बातम्या लागतात, स्टेशन लागते. दिवा लागतो, तहान लागते, तसेच पुणेही लागायचे.

तेव्हा 'सहक्षेपित' निःशंकपणे लिहा. आणि कात्रणाचा उतारा द्याल तेव्हा वर्तमानपत्राचे नाव, तारीख आणि रकान्याचा मथळा तिन्ही द्या. शब्दाची जुन्यात जुनी छापील नोंद अशाच एखाद्या ओळीत निघायची.