ॲनाटॉमीचे शब्द समासासारखे सोडव

प्रश्न बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका मुलाचा आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता इमर्जन्सी टेक्निशियनचा कोर्स, वर्ग इंग्रजीत आणि मधूनमधून कन्नडात. "रोज ढीगभर शब्द येतात, पाठ होत नाहीत. कोर्स सोडून देऊ का?"

सोडू नकोस. मी 2009 पासून ॲम्ब्युलन्सवर होतो, आता नव्या पोरांना शिकवतो. शाळा माझीही मराठीच. अरेतुरे करतोय, राग मानू नकोस.

दहावीला समासाचा विग्रह केला असशील. तेच इथे करायचं. हायपोग्लायसेमिया हा शब्द पाठ करायला बसलास तर संध्याकाळपर्यंत विसरशील. तोड त्याला: हायपो म्हणजे कमी, ग्लाय म्हणजे गोड, ईमिया म्हणजे रक्तात. रक्तात साखर कमी. आता हेच तुकडे दुसरीकडे लाव. हायपोथर्मिया, अंग गार पडलेलं. हायपोटेन्शन, बीपी उतरलेलं. एक तुकडा कळला की पाच शब्द फुकटात येतात.

आणि यातले बरेच तुकडे तुझ्या ओळखीचे आहेत, हे वर्गात कुणी सांगत नाही. ग्रीक आणि संस्कृत या लांबच्या बहिणी. ग्रीक 'हायपर' म्हणजे आपलं 'उपरि', 'हायपो' म्हणजे 'उप'. सरपंचाच्या खाली उपसरपंच, तसा हायपो. 'पेरि' म्हणजे 'परि', भोवती. म्हणून हृदयाभोवतीची पिशवी पेरिकार्डियम. 'डिस' म्हणजे दुष्काळातला 'दुस्', म्हणून डिस्प्निया म्हणजे श्वास घ्यायला त्रास. 'अ' तर तोच आपला अशक्तमधला: ॲप्निया, श्वासच नाही. ऑस्टिओ म्हणजे अस्थि, डेंटल म्हणजे दंत, गुडघ्याचा लॅटिन 'जेनु' म्हणजे 'जानु'. सगळेच असे सापडणार नाहीत. टॅकी म्हणजे जलद, ब्रॅडी म्हणजे मंद, हे दोन घोकावेच लागतात. शेवटी 'आयटिस' आलं की दाह, 'एक्टॉमी' आलं की काढून टाकलं. तेवढ्यावर पहिली परीक्षा निघते.

एक खड्डा मात्र आहे. वहीत सगळं देवनागरीत लिहून काढायची सवय असेल तर 'इलियम' हा शब्द दोनदा सापडेल. एक कमरेचं हाड, दुसरा लहान आतड्याचा शेवटचा भाग. इंग्रजीत एकात मधे 'आय' येतो, दुसऱ्यात 'ई', आणि उच्चारात फरक जवळजवळ नाहीच. म्हणून स्पेलिंगही बघत जा. फोनवर हायपो आणि हायपरचंही असंच होतं. घाटात रेंज तुटत असेल तर शब्द सोड, सरळ म्हण: "शुगर कमी आहे, अमुक आकडा." कुणी हसणार नाही.

दिशांचे शब्द बहुतेकांना जड जातात, आणि खरी चूक तिथेच होते. सुपाइन म्हणजे उताणा, प्रोन म्हणजे पालथा. आपल्याकडे नेमके शब्द आहेत, काळजी नको. प्रॉक्सिमल म्हणजे हातापायात धडाच्या जवळचं, डिस्टल म्हणजे लांबचं. मनगट कोपराच्या मानाने डिस्टल. मीडियल म्हणजे शरीराच्या मधल्या रेषेकडचं, लॅटरल म्हणजे बाहेरचं. हे सगळं माणूस सरळ उभा, तळवे पुढे, असं धरून सांगतात. त्यामुळे अंगठा कायम लॅटरल. आणि डावं-उजवं कायम पेशंटचं. हे वाचताना सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं.

उसाचा हंगाम होता. संकेश्वरच्या अलीकडे ट्रॉलीवरून एक तोडणी मजूर पडला होता. गेलो तेव्हा तो उताणा होता, बाजूला चारपाच जण, एक जण त्याच्या डाव्या खांद्याला बाम चोळत होता, कारण तो सारखा "खांदा, खांदा" म्हणत होता. खांद्यावर ओरखडा नाही, हात नीट हलतोय. शर्ट वर केला तर डाव्या बाजूला शेवटच्या बरगड्यांवर चाकाच्या कडेएवढा लांब वळ. नाडी 124, तळहात गार आणि ओले.

आता ॲनाटॉमी कशाला शिकायची ते बघ. डावीकडे नऊ ते अकरा नंबरच्या बरगड्यांच्या आड प्लीहा असते, मऊ आणि रक्ताने भरलेली. ती फुटली की रक्त पोटात साचतं आणि डायफ्रामच्या, म्हणजे छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याच्या, खालच्या बाजूला लागतं. डायफ्रामची नस मानेच्या तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या पातळीतून निघते, खांद्याच्या कातडीची संवेदनाही त्याच भागात पोहोचते. त्यामुळे मेंदूला वाटतं खांदाच दुखतोय. बाम चोळणाऱ्या माणसाचं चुकलं नव्हतं, पेशंट जे सांगत होता तेच तो करत होता.

इतकं सगळं बरोबर ओळखलं आणि फोनवर दवाखान्याला सांगितलं: "उजव्या बाजूला मार." कारण मी त्याच्या पायाशी उभा होतो, तोंड त्याच्याकडे, त्याची डावी कूस माझ्या उजव्या हाताला. पलीकडे डॉक्टरांनी अर्थातच उजवीकडच्या लिव्हरला मार लागला असं धरलं. स्ट्रेचर आत ढकलताना माझ्या लक्षात आलं आणि दारातच ओरडून सांगितलं. त्यांनी स्वतः हात लावून बघितलं असतंच, पण मान खाली घालून बाहेर आलो. तेव्हापासून रिपोर्ट देताना पेशंटच्या त्या अंगाला माझा हात टेकवलेला असतो. तूही तसंच कर.

पाठांतर पुस्तकावर करू नकोस, अंगावर कर. गळ्याच्या खाचेत बोट ठेव आणि छातीच्या हाडावरून खाली सरकव. साधारण दोन इंचांवर आडवा उंचवटा लागतो. त्याच्या बाजूला दुसरी बरगडी. तिथून खाली मोजत ये. बरगड्या 12 जोड्या, मणके मानेचे 7, छातीचे 12, कमरेचे 5. बेंबीतून एक उभी आणि एक आडवी रेघ काढ, पोटाचे चार भाग झाले. उजवीकडे वर लिव्हर, उजवीकडे खाली अपेंडिक्स. खानापूर-बेळगाव बसमध्ये एवढं होतं. लोक बघतील, बघू देत.

पेशंटशी बोलताना मात्र यातला एकही शब्द नको. आपल्याकडे हार्ट ॲटॅकवाला माणूसही "पित्त झालंय" म्हणतो, आणि बोट ठेवतो ते बेंबीच्या वर, छातीचं हाड संपतं तिथे. पुस्तकात तो एपिगॅस्ट्रियम. दुखणं जठराचं असू शकतं, हृदयाचंही. घाम आणि धाप बघ, पित्तावर विश्वास ठेवू नकोस. म्हातारी "खुबा गेला" म्हणते तेव्हा खुब्याजवळ फीमर, म्हणजे मांडीचं हाड, मोडलेलं असण्याची शक्यता धर. पाय आखूड आणि बाहेर वळलाय का बघ. तुमच्या भागात भातात मण्यार किंवा नाग चावला तर घरच्यांना टोसिस विचारून काय उपयोग? "पापण्या पडतायत का, गिळताना त्रास होतोय का?" असं विचार, वेळ लिहून ठेव. फॉर्मवर शब्दाबद्दल शंका असेल तर दिसलं ते लिही. "ओठ निळे" हे सायनोसिसइतकंच कामाचं आहे.

कन्नडाचं टेन्शन घेऊ नकोस. गोकाक, रायबागकडे ड्युटी लागली तर सुरुवातीला एवढं पुरतं: एदे छाती, होट्टे पोट, बेन्नु पाठ, उसिरु श्वास. "एल्लि नोवु?" म्हणजे कुठे दुखतंय. बल म्हणजे उजवा, एड म्हणजे डावा. तिथेही पेशंटचाच.