कॉफी आणि केळी यांच्या वेगवेगळ्या देशांतील विक्रीची काळानुसार तुलना कशी करावी?

ब्राझील, व्हिएतनाम, इक्वेडोर आणि भारत यांचे आकडे एकाच आलेखावर मांडून कोणते पीक सरस ठरले हे तुम्हाला प्रकल्पात दाखवायचे आहे, असे प्रश्नावरून दिसते. असाच एक आलेख गेल्या दिवाळीत रावेर तालुक्यातील आमच्या घरच्या ओसरीवर निघाला आणि त्यापायी दोन घरांतील बोलणे महिनाभर बंद राहिले, म्हणून सविस्तर लिहितो.

बंगळूरला नोकरी करणारा माझा चुलतभाऊ आबांना मोबाइलवर दोन रेघा दाखवत होता. कॉफीची रेघ २००१ पासून निघून २०२५ च्या फेब्रुवारीतील विक्रमी भावापर्यंत चढली होती आणि केळीची रेघ तिच्या पायाशी आडवी पडली होती. तेव्हा सामाईक सहा एकर विकून चिकमगळूरकडे कॉफीचा मळा घ्यावा, असे त्याचे म्हणणे होते. आकडे खरे होते, लबाडी होती ती सुरुवातीच्या वर्षात. निर्यातीचे कोटे ठरवणारी आंतरराष्ट्रीय व्यवस्था १९८९ मध्ये मोडली, पुढच्या दहा-बारा वर्षांत व्हिएतनाम जगातील दुसऱ्या क्रमांकाचा कॉफी उत्पादक झाला, आणि २००१ च्या सुमारास भाव अगदी तळाला गेले. तीच रेघ १९९७ च्या तेजीपासून २०१९ पर्यंत काढली असती, तर कॉफी घसरलेली दिसली असती आणि मळ्याचा विषय निघालाच नसता.

आबा काही बोलले नाहीत. त्यांनी कपाटातून वही आणली. केळीचा चीक कपड्यावरून जात नाही तसा कागदावरूनही जात नाही, त्यामुळे तिची पाने कडेने काळपट पडली आहेत. कापणीची तारीख, नवती (नवी लागवड) की पिलबाग (जुन्या खोडाच्या पिलांवरचे पीक), वजन, दांड्याची कटती (घडाच्या दांड्यापोटी वजनातून होणारी वजावट), भाव आणि शेवटी हाती आलेली रक्कम, असे रकाने त्यांनी स्वतः आखलेले आहेत. त्यांनी वादळाच्या एका वर्षावर बोट ठेवले. त्या वर्षी भाव आदल्या वर्षाच्या जवळजवळ दुप्पट होता आणि रक्कम मात्र कमी, कारण अर्धी बाग आडवी झाली होती. चुलतभाऊ म्हणाला, ‘हा अपवाद आहे.’ शेतीत अपवाद वगळले तर हिशेबाला उरते काय, हे त्याला अजून कळलेले नाही.

तेव्हा भाव, वजन आणि रक्कम हे तीन आलेख वेगळे काढावेत. पिकलेली केळी थांबत नाही, म्हणून तिची विक्री बहुतांशी त्याच हंगामाची असते. कच्ची कॉफी मात्र गोदामात वर्षभर सहज राहते, त्यामुळे तिच्या विक्रीत मागच्या वर्षाचा साठा मिसळलेला असतो. शिवाय कॉफीचे झाड तीन-चार वर्षांनी फळ देते, त्यामुळे तेजी पाहून लावलेली झाडे अनेकदा मंदीत बाजारात येतात. मळा घेणाऱ्यांनी हे आधी वाचावे.

देशांची तुलना करताना विक्री म्हणजे निर्यात की एकूण खप, हेही आधी ठरवा. भारत वर्षाला तीन कोटी टनांहून अधिक केळी पिकवतो आणि बहुतेक स्वतःच खातो. इक्वेडोरचे पीक त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास असूनही केळीच्या निर्यातीत तो वर्षानुवर्षे पहिला आहे. कॉफीत भारताचे उलट आहे, कारण आपली बहुतांश कॉफी परदेशी जाते. निर्यातच विक्री धरली तर आमचा सगळा तालुका तुमच्या आलेखात जेमतेम दिसेल.

प्रत्येक देशासाठी एकाच वर्षाऐवजी तीन-चार वर्षांची सरासरी १०० धरावी आणि बाकीची वर्षे तिच्या प्रमाणात मांडावीत, म्हणजे चुलतभावासारखी सोयीची सुरुवात करता येत नाही. जर्मनी आणि बेल्जियम यांचे निर्यातीचे आकडे मात्र जपून घ्या, कारण तिथे आयात केलेली कॉफी पुन्हा बाहेर पाठवली जाते. डॉलरमधील भाव महागाई वजा करूनच मांडावेत, हे खरे तर आधीच सांगायला हवे होते. आबांच्या वहीतही ती वजाबाकी नाही, हे चुलतभावाचे म्हणणे मला मान्य करावे लागते.

आलेख तयार झाले की इथे जरूर टाका. १९९७ पासून सुरू होणाऱ्या आलेखाची एक प्रत मला छापून ओसरीवर लावायची आहे.